बाजूला ठेवलेला कट्टा

मी बी.एस्सी. झाले. माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं तर सांगते, आणि न विचारताही सांगते. रोज एसटीनं वाशीमला जाऊन-येऊन मिळवलेली पदवी आहे. म्हणून रिसोडच्या एका शेठजींना सोयाबीनच्या खरेदीवर माल तपासायला माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा मी कुणाची ओळख न लावता थेट त्यांच्या गोदामावर जाऊन उभी राहिले.

शेठ जैन, साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, तोंडाचे फटकळ. माझी मार्कशीट त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही.

"कोन्या गावची?"

"रिठदच्या बाजूची."

"तिकडचा माल म्हंजे अर्धी मातीच. आन पोरी लाजतात, हमालायले बोलत नाहीत. तू बोलशीन?"

"बोलीन."

"गोदामात उंदरं हायेत. पोरी उंदराले भेतात."

"मी नाही भेत."

"सगळ्या भेतात."

"शेठ, सगळ्या पोरी आल्या नाहीत. मी एकटीच आलीय."

ते हसले. जवळच्या हमालाला म्हणाले, "हे पोरगी भांडकुदळ दिसते. चालन." मग माझ्याकडं बघून, "दिवाळीपर्यंत ये. जमलं तर पक्कं, नाही तर राम राम."

घरी बाबांनी ही गोष्ट चार जणांत सांगून टाकली, आणि तिला स्वतःची एक जोडही दिली. माझी लहान बहीण तेव्हा बारावीला होती. बाबा म्हणाले, "मोठीचं काम पक्कं झालं त लहानीलेबी वाशीमले पाठवतो. नाही झालं त शिकवून करायचं काय?" त्यांना माझा दुस्वास नव्हता. मी जे केलं त्याचा उपयोग असतो की नाही, हे त्यांना कुठंच बघायला मिळालेलं नव्हतं. पण रोज सकाळी रिसोडच्या गाडीत बसताना माझ्या डोक्यात दोन नोकऱ्या असायच्या, एक माझी आणि एक तिची.

काम अवघड नव्हतं, पण बिनचूक पाहिजे होतं. पोत्यात खुपसायची एक टोकदार पोकळ नळी असते, तिला परखी म्हणतात. गाडी आली की तिच्यातल्या काही कट्ट्यांत, म्हणजे भरलेल्या पोत्यांत, वरच्या, मधल्या, खालच्या, परखी घालायची, निघालेले दाणे एका ताटात एकत्र करायचे, माती-काडी बघायची आणि मूठभर दाणे मशीनमध्ये टाकायचे. ओलावा बाराच्या आत आला की माल पास. वर गेला की शेतकऱ्यानं माल परत नेऊन वाळवायचा. मॉइश्चर किती, एवढं एकच विचारायला माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी असत. कुणी हात जोडत, कुणी आधीच शिव्या तोंडात तयार ठेवत.

शेठच्या डोक्यात अख्ख्या तालुक्याचा नकाशा होता. कोणत्या गावचा माल डागी, कोणत्या गावचा बारीक, कोणत्या गावची माणसं वरच्या कट्ट्यात चांगला आणि खालच्यात चाळण भरतात, सगळं ठरलेलं. गाडीवाल्यानं गावाचं नाव घेतलं की यांचा निकाल तयार. मला पहिल्या आठवड्यात याचा फार संताप यायचा. एकदा नदीकाठच्या एका गावची गाडी आली. "वल्ला आसन, पाह्यतच नोको," शेठ म्हणाले. मी तरी परखी घातली. मशीननं दहा दाखवला. शेठनं ताटातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्ट असा कोरड्या दाण्याचा आवाज आला. ते गाडीवाल्याकडं वळून सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "चुकलो बुवा. दाना वाजून राह्यला."

त्या गावाबद्दल ते पुन्हा तसं बोलले नाहीत. फक्त चार दिवसांत त्याच गावाबद्दल त्यांनी नवाच अंदाज बांधला, की तिथली माणसं आता शहाणी झालीत म्हणून. मी हसले तर म्हणाले, "दुकानदाराले अंदाजाशिवाय धकत नाही, माय. पन चुकला त सोडून द्याव लागते, नाही त नुकसान आपलंच."

आणि अंदाज काय त्यांचेच होते का? आमच्या घरी मला सांगून पाठवलं होतं, शेठकडं काम म्हणजे प्यायचं पाणीसुद्धा मोजून मिळेल. तिथं रोज अकराला हमालांसकट सगळ्यांना पोहे असत, आणि शेठ स्वतः विचारत, "अजून पाह्यजे काय?" माझा अंदाज पहिल्याच दिवशी पोह्यांबरोबर संपला.

गोदामात तिसरं माणूस होतं ते दिवाणजी. खरेदीचा सगळा व्यवहार त्यांच्या हातात, शेठकडं तरुणपणापासून. स्वतः जमीनदार शेतकरी घरचे, आमच्या शेजारच्याच गावचे. आवाज कधी चढायचा नाही. शेठसारखं अरे-तुरे तर कधीच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची पुसून दिली आणि विचारलं, "ताई, गावात कोणत्या अंगाला घर तुमचं?"

"नाल्याच्या पलीकडं."

"हो का," ते म्हणाले. "बरं, बरं."

आमच्या गावात नाल्यापलीकडं आमची वस्ती आहे. लोक आमचं नाव न घेता 'तिकडचे' म्हणतात, आणि त्या एका शब्दात काय काय येतं ते म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही. दिवाणजींना ते माझ्याआधीच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा चहा स्टीलच्या ग्लासात आणि माझा कागदी कपात येऊ लागला. "तुमच्यासाठी वेगळा सांगितला, ताई. स्वच्छ," ते म्हणाले. इतक्या गोड आवाजात, की मी भांडायचं म्हटलं तरी कशावरून भांडू? शेठनं मला भांडकुदळ म्हटलं होतं, त्यांच्याशी मी दिवसातून तीनदा भांडायची. या माणसाशी भांडायला जागाच नव्हती.

दिवाळी आठवड्यावर आली असताना आमच्या वस्तीतल्या एक काकू पिकअप घेऊन आल्या. त्यांचं थोडंसं शेत, तेही दोन वर्षांपूर्वी माळ फोडून केलेलं. मला बघून गाडीच्या दारातूनच ओरडल्या, "हे पाहा, आमची मास्तरीन! काय वं, कधी मशीनवाली झाली तू?"

"काकू, आधी खाली उतरा."

"उतरतो ना बाप्पा. आन आयक, खोटं नाही बोलत. आज पहाटंच, पोफाट्यात पानी आलं. म्या वरून ताडपत्री टाकली, आन कट्ट्याइले धूळ लागू नये म्हून खालूनबी टाकली. त्या खालच्या ताडपत्रीत पानी साचलं नं माय! कोपऱ्यातला एक कट्टा वल्ला झाला. तो नोको घेऊ. वापस नेतो मी, आंगनात टाकीन."

खालची ताडपत्री पाणी अडवते, बाहेर जाऊ देत नाही. पहिल्यांदा स्वतःचा माल घेऊन बाजारात येणारं माणूसच ही चूक करतं. मी हमालाला सांगून तो कट्टा गाडीच्या चाकाशी बाजूला ठेवायला लावला आणि बाकीच्यांत परखी घातली. वरचे, मधले, खालचे. ताटात दाणे एकत्र केले. मशीननं साडेअकरा दाखवला.

शेठ गादीवरून उठून आले. "रिठदच्या अंगचा माल ना? माती केवढी?"

"बघा की."

त्यांनी ताट हलवलं, फुंकर मारली, दाणा दातांत धरला. "माती त नाही," ते म्हणाले. जरा नाराजीनंच. मग काकूंकडं बघून, "बाई, साफ माल आनला तुमी. म्या उगाच बोललो."

"बोला ना," काकू म्हणाल्या. "आमीबी रस्त्यानं तुमाले बोलतच आलो. शेटलोकायची मशीन शेटकडूनच बोलते म्हून."

शेठ खदखदून हसले आणि माल उतरवायला सांगितला. तेवढ्यात दिवाणजी आले. हातात दुसरी परखी.

"शेठ, एक मिनिट," ते म्हणाले. "माझं काही नाही. पण एकदा बघून घेऊ."

त्यांनी एका कट्ट्यात परखी घातली. अकरा. दुसऱ्यात घातली. साडेअकरा. ते मान हलवत राहिले, जणू मशीन मनातलं लपवतंय. तिसरा कट्टा त्यांनी उलटा करायला लावला आणि तळातून दाणे काढले. पुन्हा अकराच. मागं तीन गाड्या खोळंबल्या होत्या, एकानं हॉर्न वाजवला. काकू आता हसत नव्हत्या. पदर कमरेला खोचून त्या दिवाणजींच्या हाताकडं बघत होत्या, आणि तो हात जिथं जिथं जाईल तिथं त्यांची मानही जात होती.

"चाळणी आणा," दिवाणजी म्हणाले. चाळून पाहिलं. काही निघालं नाही.

मग त्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि शांतपणे चालत चाकाशी ठेवलेल्या कट्ट्याकडं गेले.

"दिवाणजी, तो मालात नाही," मी म्हणाले. "तो त्या परत नेणार आहेत."

"असू द्या ना, ताई." त्यांनी परखी घातली. दाणे मशीनमध्ये टाकले. पंधरा. त्यांनी मशीन उचलून दोन्ही हातांनी शेठसमोर धरलं. "बघा."

"अहो, त्यांनी आधीच सांगितलं होतं!"

"तुमचा दोष नाही, ताई." त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "आपल्या गावचं, आपल्या बाजूचं माणूस आलं की कुणाचाही हात सैल पडतो. तिकडच्या लोकांचं असतंच तसं, एकमेकांना धरून. म्हणून मी म्हणतो शेठ, दिवाळीनंतरचं जरा विचार करून ठरवा."

काकू पुढं आल्या. "तिकडच्या म्हंजे? नाव घ्या ना! काहून घेत नाही नाव? म्या तोंडानं सांगतलं का हा वल्ला हाये, आन तुमी त्याच्यातच खुपसता? गाडीत एवढे कट्टे होते, ते डोळ्याले नाही दिसले?"

"बाई, आवाज कमी करा," दिवाणजी म्हणाले. "मी तुम्हाला एक शब्द वावगा बोललो का?"

आणि हेच खरं होतं. ते एक शब्दही वावगा बोलले नव्हते.

त्या क्षणी मला जे दिसलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. अंदाज सगळेच बांधतात. शेठ बांधतात, काकू बांधतात, मी बांधते. त्यातला पुष्कळसा चुकीचा असतो, तोंडावर आला की लागतोही. पण अंदाजाला माल दाखवता येतो. दाणा वाजला की तो माघार घेतो, कुरकुरत का होईना. मनात अढी बसलेल्या माणसाला माल दाखवला तर तो दुसरा कट्टा मागतो. दुसरा दाखवला तर तिसरा. त्याला आपल्याबद्दल काही माहीत करून घ्यायचं नसतंच. त्याला तो एक ओला कट्टा हवा असतो, आणि जगात कुणाच्या गाडीत एखादा ओला कट्टा नसतो? शेठच्या बोलण्याला मी उत्तर देऊ शकत होते. इथं माझी पदवी, माझा प्रामाणिकपणा, मशीन, सगळं दाखवून झालं होतं. आता माझ्याकडं दाखवायला काही उरलं नव्हतं.

मी ताट खाली ठेवलं. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

शेठनं आकाशाकडं बघितलं. चातुर्मास होता, ते दिवस मावळायच्या आत जेवत, आणि ऊन गोदामाच्या पत्र्यावरून उतरायला लागलं होतं. त्यांना हा तंटा लवकर संपायला हवा होता. "दिवानजी," ते म्हणाले, "बाजूचा कट्टा सोडा. बाकीचे सारेच्या सारे तपासा. तुमच्या हातानं. पोरी, तू हात लावू नोको."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग बराच वेळ परखी आत जाण्याचा खस्‌ खस्‌ आवाज आणि मागच्या गाडीवाल्यांची कुरकुर, एवढंच होतं. शेवटच्या कट्ट्यापर्यंत एकही आकडा बाराच्या वर गेला नाही. दिवाणजींच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मशीन हातात फिरवून बघितलं.

"बॅटरी उतरली असेल," ते म्हणाले.

एक हमाल फस्सकन हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी माल उतरवायला सांगितला, आणि मला खुणेनं गादीजवळ बोलावलं.

"हे पाय," ते हळू आवाजात म्हणाले, "मले तुह्यावर शक नाही. पन दिवानजी जुने हायेत, आन सीझन भरात हाये. तू अशी कर. सगळ्या गावायचा माल तू पाह्य. तुह्या गावचा तेवढा नोको पाहू, तो दिवानजी पाह्यतीन. मंग कटकटच नाही. आन दिवाळीनंतरचं पक्कं समज."

त्यांनी हे वाईट हेतूनं सांगितलं नाही. त्यांच्या हिशेबानं भांडण मिटलं होतं आणि माझी नोकरीही राहिली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, 'बरं शेठ'. घरी जाऊन सांगता आलं असतं, झालं म्हणून. पण मग दिवाणजी जे पुटपुटत होते ते गोदामाचा नियम होऊन बसलं असतं, आणि त्यावर माझी सही असती.

"नाही शेठ," मी म्हणाले.

"काय नाही?"

"माझ्यावर शक नाही म्हणता, आणि माझ्या गावच्या मालापासून लांब ठेवता. मग शक असता तर काय केलं असतं? तपासायचं तर सगळ्यांचं दोनदा तपासा. आधी मी, मग दिवाणजी. कोणत्याही गावचं असो, कोणत्याही बाजूचं असो. नाही तर सगळ्यांचं एकदाच. माझ्या गावासाठी वेगळा नियम असेल तर मी उद्यापासून येत नाही."

"पोरी, दोनदा केलं त लाइन रोडावर जाईन."

"जाऊ द्या."

"नोकरी सोडशीन?"

"सोडीन," मी म्हणाले. ते म्हणताना माझा आवाज फाटला, आणि तो फाटलेला दिवाणजींना ऐकू गेला याचं मला जास्त वाईट वाटलं.

शेठनं टोपी काढून डोकं खाजवलं. पुन्हा आकाशाकडं बघितलं. जेवायला बोलवायला त्यांच्या घरून एव्हाना दोनदा फोन येऊन गेला होता. तेवढ्यात पुढची गाडी आत आली, आणि तिच्यातून उतरलेल्या माणसानं दिवाणजींना लांबूनच हाक मारली, "राम राम भाऊजी!" दिवाणजींचा सख्खा मेहुणा. चांगले टच्च भरलेले कट्टे, नवी पोती. दिवाणजी लगबगीनं पुढं झाले. "या, या. उतरवा रे याचा माल."

"थांबा," शेठ म्हणाले. त्यांनी टोपी घातली. "पोरगी पाह्यन आधी."

मी परखी घेतली. माझ्या हातात त्या वेळी काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. कोपऱ्यातला, तळातला, ताडपत्रीखालचा कट्टा शोधायचा मोह मला झाला, नाही म्हणणार नाही. वरचे, मधले, खालचे, रोज घेते तेवढेच घेतले. "अकरा. पास."

"ताईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार," दिवाणजी पटकन म्हणाले. "उतरवा रे."

शेठ त्यांच्याकडं बघतच राहिले. दिवाणजींच्या लेखी त्या दिवसभरात पहिल्यांदाच माझा आकडा बरोबर होता.

"दिवानजी," ते म्हणाले, "आता तुमी पाहा."

"कशाला शेठ? घरचाच माणूस आहे."

"म्हून त म्हनतो. आजपासून सगळ्यायचा दोनदा."

दिवाणजी उभेच राहिले. मी परखी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली, पण पोत्याकडं जाईनात. मेहुणा आधी हसला, त्याला गंमत वाटली असावी. मग दिवाणजींनी खरंच त्याच्या कट्ट्याला टोक लावलं, तेव्हा त्याचं हसू गेलं.

"काय भाऊजी," तो म्हणाला, "माह्यावर भरोसा नाही काय?"

दिवाणजींचे कान लाल झाले होते. त्यांनी परखी दाबली, दाणे ताटात पाडले, आणि ते ताट मी धरलेलं होतं. आकडा माझाच आला.

"उतरवा," शेठ म्हणाले आणि चपला शोधू लागले. जाता जाता मला म्हणाले, "उद्या लवकर ये. दोनदा म्हंजे टाइम लागन." दारात थांबून एवढंच पुढं म्हणाले, "आन दिवाळीनंतरबी."

दुसऱ्या दिवशी लाइन खरंच रस्त्यावर गेली. शिव्या सगळ्यांनी मला दिल्या, रिठदच्या बाजूच्यांनीसुद्धा. दिवाणजी बदलले, असं मी लिहिणार नाही. मी तिथं होते तोवर त्यांनी माझा प्रत्येक आकडा तितक्याच गोडीनं पुन्हा तपासला. फरक एवढाच की आता त्यांना तो सगळ्यांचाच तपासावा लागे, सोयऱ्यांचासुद्धा, आणि त्यांच्या सोयऱ्यांना ते मुळीच आवडत नसे.